रिंगणातला अश्व स्लो मोशनमध्ये टिपताय? या चुका टाळा

आषाढी जवळ आली की मोबाइलवर वारीतल्या रिंगणाचे व्हिडिओ यायला लागतात. सोबत ठरलेला प्रश्न: "दादा, स्लो मोशन अडकत अडकत चालतंय, काय झालं असेल?" व्हिडिओ उघडायच्या आधीच उत्तर ठाऊक असतं. सेकंदाला २५ फ्रेमवर, म्हणजे २५ चित्रांवर, शूट केलंय आणि घरी येऊन लॅपटॉपवर ताणलंय.

स्लो मोशन एडिटिंगमध्ये होतं, हा समज कुणी पसरवला देव जाणे. एका सेकंदात कॅमेऱ्याने २५ फ्रेम घेतल्या आणि त्या तुम्ही चार सेकंदांवर पसरल्या, तर कणीक तेवढीच आणि पोळ्या चौपट. सॉफ्टवेअर एकतर तीच फ्रेम चार-चार वेळा दाखवतं, नाहीतर मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने रचतं. सावकाश चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते खपूनही जातं. चौखूर उधळलेल्या घोड्याच्या बाबतीत नाही.

एका वर्षी पुरंदवड्याच्या गोल रिंगणात माझ्या शेजारी एक पोरगा उभा होता. कॅमेरा मित्राचा, जागा मात्र पहिल्या रांगेतली. त्या जागेसाठी मी सकाळपासून धडपडत होतो. त्याच्या कॅमेऱ्यात सेकंदाला ५० फ्रेमची सोय होती, पण ती फक्त ७२० वर, म्हणजे फुल एचडीपेक्षा (१०८०) कमी बारकाव्याच्या चित्रावर. कॅननच्या ७००डी, १५००डी अशा कॅमेऱ्यांत असंच असतं. मी म्हटलं, "अरे, ७२० वर घे." तो म्हणाला, "फुल एचडी नाही मग काय उपयोग? स्लो नंतर करतो की." पुढे स्वाराचा अश्व, मागून माउलींचा मोकळा अश्व, दोन्ही अगदी त्याच्या समोरून गेले. रात्री मुक्कामावर त्याने लॅपटॉप उघडला. माउलींच्या अश्वाला कुठे सहा पाय, कुठे एकही नाही. मागच्या पताकांच्या काठ्या मेणासारख्या वाकलेल्या. लोक तो व्हिडिओ मोबाइलच्या उभ्या पडद्यावर बघणार होते. तिथे ७२० आणि १०८० मधला फरक किती जणांच्या डोळ्यांना कळला असता?

हिशेब एवढाच आहे. ५० फ्रेम घेऊन २५ वर चालवल्या तर वेग निम्मा. ६० घेऊन २४ वर चालवल्या तर अडीच पट संथ. कॅनन ९०डी किंवा निकॉन डी७८० असेल तर फुल एचडीतच १०० किंवा १२० मिळतात, म्हणजे एडिटिंगच्या २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर चार पट नि त्याहून थोडं जास्त. याच्या पलीकडे ताणू नका. ज्याला दहा पट संथ हवंय त्याने दुसरा कॅमेरा बघावा.

मेनूत ६० दिसतं, ५० सापडत नाही, अशीही तक्रार असते. मेनूतली व्हिडिओ सिस्टिम 'एनटीएससी'वर (६० फ्रेमची पद्धत) असते, ती 'पाल'वर (५० फ्रेमची पद्धत) करा. उन्हात दोन्ही चालतील. पण रात्री कीर्तनाच्या मंडपात ट्यूबलाइटखाली ६० वर शूट केलंत तर चित्र लुकलुकेल. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. तिथे ५० फ्रेम आणि १/१०० शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा प्रकाश.

आता माझ्या दुसऱ्या डोकेदुखीकडे येतो: कॅमेरा ऑटोवर ठेवून उघड्या माळावर उभं राहणं. आषाढातलं आभाळ म्हणजे आत्ता ढग, आत्ता ऊन. दोहोंत दोन-तीन स्टॉपचा फरक सहज पडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). ऑटो आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, ते स्वतः ठरवणारी सोय) तो भरून काढायला धावतो आणि प्रकाशाचा तो चढउतार स्लो मोशनमध्ये चांगला लांबलचक दिसतो. सगळं मॅन्युअलवर घ्या. शटर फ्रेमच्या दुप्पट: ५० ला १/१००, १०० ला १/२००. कडक उन्हात आयएसओ १०० आणि १/१०० ला लेन्सचं छिद्र जवळपास एफ १६ वर, म्हणजे अगदी बारीक, न्यावं लागतं. एफ ४, म्हणजे मोठं छिद्र, हवं असेल तर चार स्टॉप खाणारा एनडी १६ फिल्टर (लेन्सवर लावायची गडद काच) लावा. १०० फ्रेमवर शटरच निम्मा प्रकाश अडवतं, तिथे एनडी ८ पुरतो.

फिल्टर न घेता शटर १/४००० वर नेणारे पुष्कळ आहेत. धुळीचा कण न कण कोरून दिसतो, पण धावण्यातला ओघ जातो आणि घोडा झटके देत पळतो. धबधब्याच्या तुषारांना १/१००० शोभतं, तिथे मीही वापरतो. घोड्याला नाही. फिरवून गडद करायचा स्वस्त एनडीही नको. वाइड लेन्सवर तो आभाळात काळी फुली उमटवतो.

ढग आलटून पालटून येत असतील तर मी एक्स्पोजर (शटर, छिद्र, आयएसओ यांचा मेळ) उन्हाचं लावतो. ढगात चित्र थोडं काळवंडलं तर नंतर उजळता येतं, पांढरीफटक जळालेली टोपी परत येत नाही.

फोकस ऑटोवर सोडू नका. जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) व्हिडिओत मागेपुढे चाचपडत बसतो आणि तोवर अश्व निघून जातो. धावपट्टीच्या कडेचा एखादा माणूस हेरा, त्याच्या समोरच्या जमिनीवर फोकस लावा आणि रिंगला हात लावू नका. सरावाची सोय रिंगणातच असते: अश्वांच्या आधी पताकावाले धावतात, तुळशी घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात. त्यांच्यावर फ्रेम, फोकस, एक्स्पोजर सगळं तपासून घ्या. घाईतली मंडळी हा वेळ सेल्फीत घालवतात.

उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि व्हिडिओत आरसा वर असल्याने व्ह्यूफाइंडर काळा. डोक्यावरून काळं कापड घ्या, लोक हसले तर हसू द्या.

घोड्याबरोबर कॅमेरा गर्रकन फिरवू नका, मागचे खांब तिरके होतात.

९०डीच्या १००-१२० फ्रेमच्या जलद मोडमध्ये आवाज रेकॉर्ड होत नाही. गजर मोबाइलवर वेगळा घ्या.

मेमरी कार्ड व्ही ३० (कार्डावरचा वेगाचा शिक्का) च्या खालचं नको. फुटपाथवरचं तर नकोच.

आणि सगळाच व्हिडिओ संथ करू नका. खुरांनी माती उडवली ते दोन सेकंद चार पटीने आठ होतात, तेवढे पुष्कळ.

दौड संपली की खुरांखालची माती कपाळाला लावायला सगळा समाज आत धावतो. त्या वेळी ट्रायपॉड पाय फाकवून मधे उभा दिसला तर चोपदार नाही, वारकरीच उचलून बाजूला ठेवतील. दुसरा अश्व समोरून गेला की पाय मिटायला लागा, कॅमेरा गळ्यात घाला, आणि पुढचे शॉट हातात धरून घ्या.