कार्टमेलच्या उन्हाळी रेस: आधी या चुका टाळा, मग घोड्याला दोष द्या

मामांनी पाच पौंडांची नोट पुढे केली आणि बोर्डाखाली उभ्या असलेल्या बुकीला सांगितलं, "नंबर सेव्हन, फाइव्ह ईच वे." तो शांतपणे म्हणाला, "टेन, सर." मामा माझ्याकडे वळले. "अरे, हा लुटतोय की काय? पाच म्हटलं ना मी!" पुण्याच्या रेसकोर्सवर चाळीस पावसाळे काढलेला माणूस इंग्लंडमधल्या कार्टमेलच्या पहिल्याच पैजेला अडला.

बुकी लुटत नव्हता. ईच वे म्हणजे एकाच तिकिटावर दोन पैजा. एक घोडा पहिला येण्यावर, दुसरी तो प्लेसमध्ये, म्हणजे पहिल्या दोन-तीनांत, येण्यावर. पाच आणि पाच दहा. इथवर सगळे लवकर शिकतात, कारण खिशातून दुसरी नोट काढावी लागते. खरी चूक पुढे होते. त्या रेसला आठ घोडे होते, मामांच्या सात नंबरचा भाव ४/१ होता (पौंडामागे चार पौंड नफा) आणि तो तिसरा आला. मामांनी टाळी मागितली, मी दिली. हातात मात्र नऊ पौंड आले. आठ किंवा जास्त घोडे असले की सर्वसाधारण नियमाने पहिले तीन प्लेसमध्ये धरतात आणि प्लेसला मूळ भावाचा पाचवा हिस्सा मिळतो. म्हणजे पाच पौंडांवर चार, अधिक मूळचे पाच. विनचे पाच गेले. घोडा 'लागला', तरी एक पौंड तोटा! थोडक्यात, भाव ५/१ च्या खाली असेल तर अशा रेसमध्ये ईच वेच्या नादी लागू नये. नुसतं विन खेळावं नाहीतर गप्प बसावं.

त्यातच आठातला एक घोडा ऐनवेळी बाहेर पडला की सात उरतात आणि तिसरा नंबर प्लेसमधून जातो. पाच ते सात घोड्यांना फक्त पहिले दोन, भावाचा चौथा हिस्सा. चार किंवा कमी असतील तर विनच. सकाळी मोबाइलवर पैज लावून दुपारी 'माझा तिसरा आला की हो' म्हणत भांडणारे दर वेळी भेटतात. आठ घोड्यांची रेस ईच वेसाठी मोहाची खरी, पण तिथे एकाच घोड्याच्या तब्येतीवर सगळं टांगलेलं असतं.

कार्टमेल म्हणजे लेक डिस्ट्रिक्टच्या दक्षिणेला, बाराव्या शतकातल्या प्रायरीभोवती (मठाभोवती) वसलेलं एक खेडं. स्टिकी टॉफी पुडिंगसाठी नावाजलेलं. रेस फक्त उन्हाळ्यात, मेअखेरीपासून ऑगस्टच्या बँक हॉलिडेपर्यंत (सार्वजनिक सुटीपर्यंत), मोजकेच दिवस. मैदानाच्या मध्यभागी पाळणे, खेळांचे ठेले, सहलीच्या चादरी. आपल्याकडची जत्रा आठवावी, फक्त देवाच्या जागी घोडे. आम्ही मँचेस्टरहून गाडी काढतो. रेल्वेने आलात तर केंट्स बँकच्या पुढचं कार्क हे स्टेशन.

इथे सगळ्या रेस उड्यांच्या असतात, आणि मामांसारख्या जाणत्यांची गोची तिथेच होते. आपल्याकडे सपाट धाव. त्यामुळे डोळा आधी ड्रॉ शोधतो, कोणता घोडा कितव्या गेटातून सुटणार ते. इथे गेटच नसतात, घोडे दोरीमागून सुटतात. वजनही स्टोन आणि पौंडांत लिहितात. मामांनी ११-१० वाचलं आणि तो त्यांना मागच्या रेसचा निकाल वाटला. ते ११ स्टोन १० पौंड, म्हणजे सुमारे ७४ किलो. "एवढं ओझं घेऊन उड्या?" हो, एवढंच घेऊन.

त्याहून महाग पडते फॉर्मची ओळ, म्हणजे घोड्याच्या आधीच्या निकालांची. आकडे समजतात, अक्षरं नाहीत. एफ म्हणजे घोडा पडला, यू म्हणजे जॉकी उडाला, पी म्हणजे अर्ध्यात थांबवला, आर म्हणजे उडीला नकार. एफ आणि यू दिसले की नवखा माणूस घोडा खोडून टाकतो. मी तसं करत नाही. शेवटच्या उडीपर्यंत पुढे असलेला आणि तिथे पाय चुकलेला घोडा वेगळा, आणि थकून लागोपाठ दोनदा 'पी' झालेला वेगळा. आधीच्या रेसचं वर्णन दोन ओळींत छापलेलं असतं, तेवढं वाचायला मिनिट लागत नाही. आडवी रेघ दिसली तर तिच्या डावीकडचं सगळं मागच्या मोसमातलं. उड्यांचा मोसम एप्रिलअखेर संपतो आणि लगेच नवा सुरू होतो. त्यामुळे जुलैतल्या रेसकार्डवर (घोड्यांच्या छापील यादीवर) रेघेच्या डावीकडे जानेवारीचा चिखल असतो.

तो चिखल विसरू नका. हिवाळ्यात जड मैदानावर जिंकलेला घोडा जुलैत घट्ट, वेगवान मैदानावर तेच करील असं धरून चालणं म्हणजे भाताच्या खाचरात पळणाऱ्या बैलावर डांबरी रस्त्यावर पैसे लावणं. उन्हाळ्यात घोड्यांच्या पायांसाठी मैदानाला पाणी घालतात, आणि लेक डिस्ट्रिक्टचा पाऊस कोणालाही विचारून येत नाही. सकाळचा मैदानाचा अहवाल दुपारी पुन्हा बघावा. तसंच हर्डल आणि चेस या उड्यांच्या दोन प्रकारच्या रेस एक नव्हेत. हर्डलचे अडथळे साडेतीन फुटांच्या आसपास आणि आपटले तर झुकणारे, चेसचे कुंपणवजा आणि निदान साडेचार फुटी. हर्डलवरचा राजा चेसमध्ये पहिल्याच दिवशी घाबरलेला मी पाहिलाय.

आता खास कार्टमेलची गोष्ट. ती कळली नाही तर बाकी सगळं पाठ करून उपयोग नाही. चेसमधली शेवटची उडी मारल्यावर विनिंग पोस्टपर्यंत उरतात चार फर्लांग, जवळजवळ ८०० मीटर. ब्रिटनमधली ही सर्वांत लांब शेवटची धाव, तीही वळण घेऊन मैदानाच्या मधून. हजार मीटरची अख्खी रेस पाहिलेल्या मामांना मी म्हटलं, "मामा, उडी झाली की तुमची एक रेस अजून बाकी आहे." तरी शेवटच्या उडीला पाच लांबीने (पाच घोड्यांच्या लांबीइतका) पुढे असलेला घोडा दिसला की लोक मोबाइलवर चालू रेसमध्ये त्याच्यावर पैसे ओततात. असे घोडे गाठले जाताना इथे वारंवार दिसतात. मला इथे उडी नीट मारणारा हवा, पण शेवटी पायांत दम शिल्लक असलेला आधी हवा. कार्डवर नावापुढे 'सीडी' असेल, म्हणजे याच मैदानावर याच अंतराला जिंकलेला, तर मी त्याच्याकडे दोनदा बघतो. वळणं आवळ आहेत, वर्तुळ जेमतेम मैलाचं. ज्याला जमतं त्याला जमतं. जेम्स मॉफॅट हे ट्रेनर याच गावात घोडे तयार करतात, त्यांचा घोडा कार्डवर असला तर निदान का आणलाय याचा विचार करावा. भाव मात्र तेव्हा आधीच उतरलेला असतो, हेही खरं.

कपातीचं एक गणित सांगतो, कारण जिंकूनही तोंड पाडणारे याच्यामुळे दिसतात. तुम्ही ५/१ ला दहा पौंड लावले. नंतर २/१ चा फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा घोडा, बाहेर पडला. रेस सोपी झाली, म्हणून 'रूल फोर'खाली तुमच्या नफ्यातून पौंडामागे ३० पेन्स कापतात. पन्नासचे पस्तीस. बाहेर पडलेल्याचा भाव १४/१ पेक्षा जास्त असेल तर कपात नाही. घोडा गेल्यानंतर नव्याने मांडलेल्या भावावर पैज लावली असेल तरी नाही.

आणि डबल? दोन घोड्यांची साखळी लावली (दोघांवर मिळून एकच पैज) आणि एक पळालाच नाही, तर पैज रद्द होत नाही, उरलेल्या घोड्यावर एकेरी होते. याच नियमावर १९७४ साली याच मैदानात अख्ख्या देशाच्या बुकींना चुना लावण्याचा बेत झाला होता. २६ ऑगस्ट, बँक हॉलिडेचा सोमवार. आयरिश मंडळींनी लंडनभर 'गे फ्यूचर' या घोड्याला आणखी दोघांशी जोडून डबल आणि ट्रेबल (तिघांची साखळी) लावले. ते दोघे पळणारच नव्हते. सगळा पैसा गे फ्यूचरवर येऊन बसला. मैदानावर घोड्याच्या पायांना साबणाचा चुरा चोळला, घाम फुटल्यासारखा दिसावा आणि भाव चढावा म्हणून. बुकींना पैसा मैदानाकडे वळवून भाव पाडायचा, तर मैदानाशी बोलायला टेलिफोनची लाइन एकच. घोडा १०/१ ला १५ लांबीने जिंकला. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि सूत्रधार दोषी ठरले. आपण साधी माणसं, आपल्याला एवढंच घ्यायचंय की साखळीतला एक निखळला तर उरलेल्यावर किती पैसे बसतात हे आधी मोजावं.

पैशांचं म्हणाल तर आम्ही घरून पाकिटात रोख नेतो, बँकेचं कार्ड गाडीत. शेवटच्या रेसला 'भरपाई' करायची इच्छा सर्वांना होते, म्हणून ते पाकीट बायकोकडे असतं. ज्यांना पाकिटानेही आवरत नाही त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये 'गॅमस्टॉप' आहे. एकदा नाव नोंदवलं की परवानाधारक ऑनलाइन बेटिंग कंपन्या तुम्हाला खेळू देत नाहीत.

राहिली तिकिटाची चूक, ती मामांनी त्या दिवशी चौथ्या रेसला केली. घोडा दुसरा दिसला, विनचं तिकीट होतं, मामांनी ते चुरगाळून टाकलं. मग लाउडस्पीकरवर स्टुअर्ड्सची (रेसच्या पंचांची) चौकशी जाहीर झाली, पहिले दोन घोडे शेवटच्या धावेत एकमेकांना लागले होते. 'वेइड इन', म्हणजे जॉकींचं वजन होऊन निकाल पक्का, असं पुकारलं जाईपर्यंत तिकीट हातातून सोडायचं नसतं. निकाल फिरला. मामा गवतात गुडघ्यांवर. सापडलं ते पुडिंगच्या डब्याच्या बुडाला, टॉफीत चिकटलेलं. बुकीने ओल्या फडक्याने पुसलं, नंबर वाचला आणि पैसे मोजून दिले.