धनुष्य घेण्याआधी: लांबी आणि पाउंडेज कसं ठरवायचं

लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या पात्यांवर, छापलेलं पाउंडेज (खेचायला लागणारं वजन, पाउंडांत) आणि बोटांवर प्रत्यक्ष येणारं वजन हे दोन वेगळे आकडे असतात. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरमधल्या घरी बसून ऑनलाइन रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) मागवताना हाच फरक लक्षात राहत नाही. म्हणून आधी स्वतःचं माप घ्या.

पाठ भिंतीला टेकवून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरा. छाती फुगवू नका, हात ओढून ताणू नका. घरातल्या कुणाला तरी दोन्ही मधल्या बोटांच्या टोकांशी पेन्सिलने खुणा करायला सांगा. खुणांमधलं अंतर इंचात मोजून २.५ ने भागलं की अंदाजे ड्रॉ लेंग्थ, म्हणजे आपण दोरी किती खेचतो ते माप, मिळते. ६५ इंच भरले तर २६. शिकाऊ माणसाची खेच सुरुवातीला थोडी कमी भरते आणि ढब बसली की वाढते, त्यामुळे महिना-दोन महिन्यांनी पुन्हा मोजायला हवं.

ड्रॉ लेंग्थ २४ ते २६ असेल तर ६४ ते ६६ इंची धनुष्य, २६ ते २८ ला ६६ ते ६८, २८ ते ३० ला ६८ ते ७०, आणि त्यापुढे ७० ते ७२. २५ इंची रायझरला (मुठीच्या मधल्या भागाला) शॉर्ट लिम्ब लावले की ६६, मीडियम लावले की ६८, लाँग लावले की ७० होतात. २३ इंची रायझरवर प्रत्येक आकडा दोनने कमी. माप बरोबर सीमेवर पडलं तर लांब धनुष्य घ्या. आखूड धनुष्यात पूर्ण खेचीला दोरीचा कोन तीव्र होऊन बोटं चिमटली जातात आणि शेवटचा इंच एकदम जड लागतो. लांब धनुष्याने बाणाचा वेग थोडा कमी होतो, पण नवख्याला ते चालतं.

आता वजन. लिम्बवरचा आकडा २८ इंच खेचीचा असतो. त्याखाली दर इंचाला साधारण दोन पाउंड वजा होतात. म्हणजे २० पाउंडचे लिम्ब २६ इंच खेचणाऱ्याच्या हातात १६ च्या आसपास येतात. शिवाय २५ इंची रायझर धरून छापलेले लिम्ब २३ इंची रायझरवर चढवले तर वजन दोनेक पाउंडांनी वाढतं. खात्री करायची तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घ्या. दोरीला जिथे बाण लागतो तिथे हूक अडकवा, आपल्या खेचीपर्यंत सावकाश ओढा, आकडा वाचा आणि तितक्याच सावकाश परत सोडा. किलोला २.२ ने गुणा. ९ किलो म्हणजे जवळपास २० पाउंड. बाण न लावता दोरी कधीही सोडू नका, लिम्ब फुटतात.

हातात येणारं वजन दहा-बारा वर्षांच्या मुलाला १० ते १४, मोठ्या बाईला १६ ते २०, पुरुषाला १८ ते २४ पाउंड, एवढंच ठेवा. ताकद आहे म्हणून ३० घेणं चुकीचंच. एकदा खेचता येणं वेगळं आणि सत्तर बाण नीट सोडणं वेगळं. ७० मीटरच्या रिकर्व्ह फेरीत ७२ बाण असतात. कसोटी सोपी आहे: पूर्ण खेचून हनुवटीखाली हात टेकवा आणि दहा सेकंद थांबा. धनुष्य धरलेला खांदा कानाकडे चढला, कंबर मागे झुकली किंवा दोरी हळूच पुढे सरकू लागली, तर वजन जास्त आहे. हीच कसोटी सरावाच्या शेवटीही घ्या. ताजेपणी सगळेच पास होतात. जड धनुष्याने आधी ढब बिघडते, मग खांदा दुखू लागतो, आणि लागलेली सवय सोडवायला महिने जातात.

बांबूचं एकसंध धनुष्य असेल तर लिम्ब बदलता येत नाहीत, तिथे हलकंच निवडा. रिकर्व्हचे पहिले लिम्ब मात्र स्वस्तातले किंवा भाड्याचे चालतील, रायझरवर पैसे घाला.

आपले तिरंदाज ओजस देवतळे आणि आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेते झाले ते कंपाउंडमध्ये, म्हणजे टोकांना चाकं (कॅम) असलेल्या धनुष्यात. त्यांना पाहून कंपाउंड घेत असाल तर वरची मापं लावू नका. तिथे ड्रॉ लेंग्थ कॅमवरच ठरवावी लागते आणि अर्धा इंच चुकला तरी नेम हलतो.

वजन वाढवताना आधी रायझरचे बोल्ट आवळा. बहुतेक धनुष्यांत त्यातूनच एक-दोन पाउंड मिळतात. त्या वजनावर सरावाच्या शेवटची दहा सेकंदं सलग काही आठवडे स्थिर राहिली, की मगच नवे लिम्ब, तेही चार पाउंडांपेक्षा जास्त उडी न मारता. लिम्ब बदलले की बाणांचा स्पाइन, म्हणजे कडकपणा, पुन्हा तपासा. जुने बाण नव्या वजनाला मऊ पडतात आणि उजव्या हाताने खेचणाऱ्याचे उजवीकडे जाऊ लागतात, मग माणूस उगाच आपल्या नेमाला दोष देत बसतो.