फ्लोरिडाला निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी: हरिकेन येतंय म्हणतात तेव्हा नक्की काय बघायचं

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टाम्पाकडे शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या पोरांना इथे सगळे जाड स्वेटर घ्यायला सांगतात. त्या जागी दुसरं काहीतरी भरा. तुम्ही उतरणार ऑगस्टमध्ये, म्हणजे हरिकेनच्या, तिकडच्या चक्रीवादळांच्या, ऐन हंगामात. हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर आणि जोर सगळ्यात जास्त 10 सप्टेंबरच्या आगेमागे. इकडे गणपती बसलेले असतात, तेव्हा तिकडे तुमचा फ्लॅट नवा, शेजारी अनोळखी, गाडी अजून घ्यायचीय, आणि मेक्सिकोच्या आखातात काहीतरी गरगरायला लागलेलं असतं. माझी तिकडे बरीच वर्षं गेली. सध्या सुट्टीवर मंगळवार पेठेत घरी आहे. जो निघणारा भेटतो तो हेच विचारतो, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

आपल्याला पाण्याची अक्कल नाही असं कोण म्हणेल? पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर एका आकड्यावर जगतं. राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? 39 ला इशारा, 43 ला धोका. सुतारवाड्यात आलं का, मच्छिंद्री झाली का, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, एवढं कळलं की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन सोनतळीची वाट धरतात. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बुडाला, तरी पंचगंगा चढते ती इंचाइंचाने. विचार करायला वेळ देते.

तिकडे हीच सवय घात करते. आपण एक आकडा शोधतो आणि टीव्ही आपल्याला एक आकडा आयता देतो: कॅटेगरी. मग तिथे टाम्पात आणि इथे राजारामपुरीत एकच प्रश्न, "कितवी कॅटेगरी?" हा आकडा म्हणजे राजाराम बंधाऱ्याचे फूट नव्हेत. ती 1 ते 5 ची पट्टी फक्त वाऱ्याची आहे. ताशी 74 मैलांना पहिली कॅटेगरी, 111 ला तिसरी, 157 ला पाचवी. समुद्र किती आत येणार, पाऊस किती पडणार, वादळाचा पसारा केवढा, यातलं काहीही त्यात नाही. आणि अमेरिकेत या वादळांनी थेट घेतलेल्या बळींमध्ये बहुतेक पाण्याचे आहेत. 2005 चं कतरिना लुइझियानाला धडकलं तेव्हा कॅटेगरी 3 होतं, पण मिसिसिपीच्या किनाऱ्यावर समुद्र 25 फुटांहून जास्त चढला. वादळ समुद्राचं पाणी ढकलत जमिनीवर आणतं त्याला तिकडे सर्ज म्हणतात. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याला आखात लांबवर उथळ आहे, त्यामुळे ढकललेल्या पाण्याला खाली जायला जागा नाही. ते वर चढतं आणि घरात शिरतं.

दुसरी गोष्ट नकाशाची. मायामीतलं नॅशनल हरिकेन सेंटर दर सहा तासांनी नवा अंदाज देतं आणि त्यात तो पांढरा शंकू असतो, इंग्रजीत कोन म्हणतात तो. जवळजवळ प्रत्येक नवा माणूस त्याचा अर्थ उलटा लावतो. शंकू पुढे रुंद होतो म्हणून त्याला वाटतं वादळ मोठं होत जाणार. तसं नाही. वादळाचा मध्य कुठे असू शकेल, एवढंच तो शंकू सांगतो. मागच्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले ते बघून त्याची रुंदी ठरवतात, आणि ती अशी ठरवतात की साधारण तीनपैकी दोन वेळा मध्य आत राहावा. म्हणजे तिसऱ्या वेळी तो बाहेर! शिवाय मध्य आत राहिला तरी वारा, पाऊस, सर्ज शंकूच्या कितीतरी बाहेर पोचतात.

शंकूच्या मधली रेघ तर बघूच नका. 2004 च्या ऑगस्टमध्ये चार्ली टाम्पाला येणार म्हणून सगळे टाम्पाकडे बघत होते. ते वळलं आणि कॅटेगरी 4 होऊन खाली पुंटा गोर्डाजवळ आदळलं. 2022 ला इयनचंही तसंच. आधीचे अंदाज टाम्पाच्या बाजूला, आणि 28 सप्टेंबरला ते ताशी 150 मैलांच्या वाऱ्यानिशी फोर्ट मायर्सच्या बाजूला गेलं. फोर्ट मायर्स बीचवर पाणी दहा फुटांच्या वर चढलं. दोन्ही वेळा ती गावं शंकूच्या आत होती, रेघेवर नव्हती एवढंच.

आता हेलीन. 26 सप्टेंबर 2024 च्या रात्री ते टाम्पाच्या बऱ्याच उत्तरेला, पेरी गावाजवळ किनाऱ्याला लागलं. टाम्पाच्या समोरून गेलं ते शंभर मैलांहून जास्त लांबून. "ते तिकडे वर चाललंय" म्हणून आमच्या ओळखीतले कितीतरी घरीच बसले. टाम्पाच्या खाडीत पाणी सहा-सात फूट चढलं, तिथल्या नोंदीतलं सगळ्यात जास्त. वादळ लांब होतं, पण त्याचा पसारा अवाढव्य होता आणि वारा समुद्राकडून येत होता.

वारा कुठून येतो, हे नकाशा बघताना मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या गोलार्धात ही वादळं घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. पश्चिम किनाऱ्यावर तुम्ही समुद्राकडे तोंड करून उभे आहात आणि वादळ समोरून येतंय असं समजा. मध्य जिथे लागणार त्याच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, सर्ज तिथे. उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे, तिथे खाडीचं पाणी उलट ओढलं जातं. इयनला टाम्पाच्या खाडीचा तळ उघडा पडला, लोक फोटो काढायला खाली उतरले. उतरू नका. गेलेलं पाणी परत येतं, आणि ते कधी येणार ते वारा ठरवतो. आणखी एक. मध्य तुमच्या दक्षिणेला लागणार की उत्तरेला, हा फरक तीस-चाळीस मैलांचाही असू शकतो आणि तो शेवटच्या दिवसापर्यंत पक्का होत नाही. म्हणून दक्षिणेलाच लागेल या भरवशावर कोणी घरात थांबू नये.

मग बघायचं काय? माझ्या मते तीनच गोष्टी, आणि त्यातली पहिली तर आत्ता, कोल्हापुरात बसून बघण्यासारखी आहे.

ती म्हणजे तुमच्या पत्त्याचं अक्षर. फ्लोरिडाच्या किनारी काउंट्यांनी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) सर्जचा धोका असलेल्या घरांना इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे कुणी आधी घर सोडायचं त्याचा पट्टा, दिलाय: ए, बी, सी असं पुढे. ए सगळ्यात आधी रिकामा होतो. भाड्याच्या करारावर सही करायच्या आधी काउंटीच्या वेबसाइटवर पत्ता टाकून अक्षर बघा. एजंट तुम्हाला "फ्लड झोन एक्स आहे, काळजी नको" म्हणून सांगेल. ते वेगळं प्रकरण, विम्यासाठीचं. फ्लड झोन एक्स असलेलं घर इव्हॅक्युएशनच्या बी झोनमध्ये असू शकतं. खाडीच्या काठचा फ्लॅट दिसायला झकास असतो, रविवारी फिरायला जा तिकडे, राहायला दोन मैल आत बघा. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरात, राहणार असाल तर अक्षर कोणतंही असो, काउंटी निघायला सांगते तेव्हा निघायचंच.

दुसरी, सर्जचा अंदाज. 2017 पासून सर्जचे इशारे वाऱ्याच्या इशाऱ्यांपासून वेगळे दिले जातात. त्यात "जमिनीपासून अमुक ते अमुक फूट" असं लिहिलेलं असतं. आपल्या फुटांच्या सवयीला चालणारा आकडा हाच, फक्त तो एका बंधाऱ्याचा नसून किनाऱ्याच्या प्रत्येक पट्ट्याचा वेगळा असतो. आणि हे पाणी इंचाइंचाने चढत नाही. संध्याकाळी रस्ता कोरडा आणि मध्यरात्री गाडी तरंगतेय, इतकं भराभर होतं.

तिसरी, वारा कधी पोचणार. हरिकेन सेंटरच्या पानावर ताशी 39 मैलांचा वारा तुमच्याकडे किती वाजता येऊ शकतो याचा वेगळा नकाशा असतो. तुमची मुदत ती, वादळाचा मध्य किनाऱ्याला लागायची वेळ नव्हे. बाहेरची सगळी कामं, पेट्रोल, प्रवास त्याच्या आत उरकायचं. वारा ताशी 40 मैलांवर टिकून राहिला की सनशाइन स्कायवेसारखे पूल बंद करतात. आणखी वाढला की 911 ला, म्हणजे तिकडच्या आणीबाणीच्या नंबरला, फोन लागतो पण गाडी निघत नाही. वॉच म्हणजे हा वारा साधारण 48 तासांत येऊ शकतो, वॉर्निंग म्हणजे 36 तासांत येईल अशी अपेक्षा. वॉच लागला की तयारी करायची, वॉर्निंग लागल्यावर दुकानात जाऊन खिडक्यांना लावायच्या फळ्यांची मापं घेत बसायचं नाही.

वादळ लांब आहे म्हणून निवांत राहण्यातही अर्थ नसतो. मिल्टन 6 ऑक्टोबर 2024 ला हरिकेन झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कॅटेगरी 5. एका दिवसात! त्याच्या पोटातला हवेचा दाब 900 मिलिबारच्याही खाली गेला होता; दाब जितका कमी तितकं वादळ जोरदार. हे कळतं कसं, तर विमानं थेट वादळात शिरतात. मिसिसिपीतल्या कीसलर तळावरून हवाई दलाची, आणि टाम्पाजवळच्या लेकलँडहून नोआची, म्हणजे तिकडच्या सरकारी हवामान-समुद्र संस्थेची. वरून यंत्रं सोडतात, ती पडता पडता दाब-वारा मोजत जातात. नोआच्या दोन विमानांची नावं केरमिट आणि मिस पिगी, पोरांच्या कार्यक्रमातल्या बाहुल्यांची. असो. मिल्टन 9 तारखेच्या रात्री टाम्पाच्या दक्षिणेला सिएस्टा की नावाच्या बेटाला लागलं तेव्हा उतरून कॅटेगरी 3 झालं होतं, आणि इकडे घरी नवरात्रात सगळ्यांनी "चला, कमी झालं" म्हणून सुस्कारा टाकला. त्याच रात्री टाम्पाशेजारच्या सेंट पीटर्सबर्गला दीड फूट पाऊस झाला, तिथल्या स्टेडियमचं छप्पर फाटलं, आणि त्याआधी दिवसा राज्याच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावर टोर्नेडोंनी माणसं मारली होती.

व्हॉट्सअॅपवर वेगवेगळ्या मॉडेलांनी काढलेल्या वादळाच्या वाटांचं, रंगीत रेघांचं जाळं फिरतं, स्पगेटी म्हणतात त्याला. त्यातली एखादी रेघ दहा दिवसांनंतर थेट तुमच्या सोसायटीवर आणून ठेवलेली असते. पुढे पाठवू नका, एवढंच.

निघायचं ठरलं तर किती लांब? तिकडचे अधिकारी सांगतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. म्हणजे शंभर मैल नव्हे, दहा-वीस मैल. झोनच्या बाहेर पक्क्या घरात कोणी ओळखीचं असलं की झालं. आपली मंडळी उत्साहाने अटलांटाला निघतात आणि आय-75 वर रात्र काढतात. डोंगरात गेलं की सुटलो असंही नाही. हेलीनच्या पावसाने सगळ्यात भयंकर हाल केले ते किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात. गाडी नसलेल्या विद्यार्थ्यांनी काउंटीचे शेल्टर कुठे आहेत आणि बस कधी बंद होते ते पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवावं. कुणाकडे जायचं तेही आधीच बोलून ठेवा. संकोच करू नका; मराठी घरात दोन अंथरुणं जास्त पडली तर कोणी नाही म्हणत नाही.

विम्याचं थोडक्यात: भाडेकरूच्या साध्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. सरकारी पूर विमा घेतला तर लागू व्हायला सहसा 30 दिवस जातात, त्यामुळे वादळ दिसल्यावर धावण्यात अर्थ नाही.

खाण्याचं मात्र आपलं बरं आहे. बहुतेक फ्लॅटमध्ये शेगडी विजेची, वीज गेली की चार-पाच दिवस कुकर शोभेला. बॅगेत स्वेटरच्या जागी जयसिंगपुरी भडंग भरा, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, शेंगदाण्याची चटणी. भाजणी नको, तिला तवा लागतो. पाणी माणशी रोज एक गॅलन धरा. पासपोर्ट आणि आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. थोडी रोकड, कारण कार्डाची यंत्रं बंद पडतात. कोणी जनरेटर आणला तर तो घरात, गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत लावू देऊ नका. वादळ निघून गेल्यावर त्याच्या धुराने माणसं जातात, दरवेळी.

राहिले घरचे. आईला टीव्ही बघू नको म्हणून सांगणं फुकट आहे, "फ्लोरिडात हाहाकार" दिवसभर चालूच राहणार. त्यापेक्षा तिला वेळापत्रक द्या. अंदाज तिथल्या 5 आणि 11 वाजता येतात, सकाळीही आणि संध्याकाळी-रात्रीही. तिथे रात्रीचे 11 म्हणजे इथे सकाळचे साडेआठ, तिथे सकाळचे 11 म्हणजे इथे रात्रीचे साडेआठ. या दोन वेळांना घरातल्या एकालाच मेसेज करा, बाकीच्यांना तो सांगेल: झोन कोणता, आज रात्री मी कुठे आहे, तिथला पत्ता, सोबत कोण. टॉवर दमले की कॉल लागत नाही, साधा मेसेज बऱ्याचदा जातो. आणि वीज गेल्यावर दिवसभर फोन लागला नाही तर काय समजायचं, तेही आधीच ठरवून ठेवा. नाहीतर इथून मामा-काका सगळे तुमच्या रूममेटला फोन लावत बसतात आणि त्याचीही बॅटरी संपवतात.