रिसॉर्टवर कामाला लागताय? मग गेस्टचं घड्याळ पाठ करा

अलिबागजवळच्या एका रिसॉर्टवर मी फ्रंट ऑफिसला नऊ वर्षं काढली, आधी जीएसए म्हणजे रिसेप्शन काउंटरवर गेस्ट सर्व्हिस असोसिएट म्हणून आणि मग ड्युटी मॅनेजर, आणि दरवर्षी एप्रिलमध्ये नवीन पोरंपोरी जॉइन झाली की पहिला प्रश्न ठरलेला, ताई, डोकं फिरलेला गेस्ट आला तर काय करायचं? कॉलेजात गेस्टचे प्रकार शिकवतात, रागीट, किरकिरा, बडबड्या वगैरे. ते विसरा. सकाळी अकराला काउंटरवर हात आपटणारा माणूस दुपारी चारला कांदाभजी खात तुमच्या गावाची चौकशी करतो, मी शेकड्याने बघितलेत असे. माणूस तोच, वेळ वेगळी. भांडणं ठरलेल्या वेळेला होतात, आणि वेळ माहिती असली की अर्धी तयारी आधीच करून ठेवता येते.

सगळ्यात वाईट वेळ सकाळी दहा ते दुपारी एक. बहुतेक ठिकाणी चेक-आउट दहा-अकराला आणि चेक-इन एक-दोनला, मधल्या दोन-तीन तासांत हाऊसकीपिंगला सगळ्या खोल्या काढायच्या असतात. इकडे फॅमिली ठाण्याहून पहाटे पाचला निघालेली, वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकलेली, पोरगं गाडीत ओकलेलं, आजींना तासभर बाथरूमला जायचंय पण गाडी थांबवायला जागा मिळाली नाही, आणि असे लोक दारात आले की आपला नवीन पोरगा पहिलं वाक्य काय टाकतो, तर "सर चेक-इन एक वाजता आहे". संपलं. आता तो माणूस दोन दिवस तुमच्याशी सरळ बोलणार नाही.

वेळ पहिली सांगायचीच नाही. पहिलं वाक्य "वॉशरूम इकडे आहे", दुसरं पाणी, मग कोकम सरबत, मग सामान ताब्यात घेऊन टॅग लावायचा, ब्रेकफास्ट चालू असेल तर तिकडे पाठवायचं. लोक बसले, घाम सुकला, की मग खोलीचं सांगायचं. आणि सांगताना "पाच मिनिटं सर" हे कधीच नाही. हाऊसकीपिंगच्या सुपरवायझरला फोन करून विचारा कुठली खोली पहिली निघेल, ती म्हणाली बारा तर गेस्टला साडेबारा सांगा, आणि बाराला चावी हातात दिलीत तर तो खूश. पाच मिनिटं सांगून पंधरा लावलीत तर तुम्ही खोटारडे, तेवढंच लक्षात राहतं.

ह्याच वेळेत माणसं मोजायचं कामही असतं. बुकिंग दोघांचं आणि गाडीतून उतरतात पाच, "हे फक्त जेवून जाणारेत". किंवा पाच वर्षांखाली फ्री असतं म्हणून मुलाचं वय साडेचार, आणि तो मुलगा स्वतःच सांगतो मी तिसरीत आहे. हसू नका, आणि पकडल्यासारखं तर अजिबात बोलू नका, बापाची बायकोसमोर लाज गेली की तो लाजेचा राग तुमच्यावर काढतो. मी म्हणायचे, "अरे वा, तिसरीत, मग ह्याला वेगळी गादी लागेल ना, दोघांच्या मध्ये झोप नाही लागणार." गादी आली की गादीचे पैसे आपोआप आले. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर सगळ्यांची नावं, मुलांची वयं आणि पूलचे नियम पाठवून ठेवलेत तर हे निम्म्यावर येतं.

आयडी सगळ्या मोठ्या माणसांचा घ्यायचा, एकट्या बुकिंगवाल्याचा नाही. पॅन कार्ड चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो, ह्यावरून रोज वाद होतो, शांतपणे आधार किंवा लायसन्स मागा. परदेशी पासपोर्टवाला असेल तर त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवायची असते, सी फॉर्म म्हणतो आपण त्याला, शिफ्ट संपायच्या आत करून टाका. आणि लग्न न झालेलं जोडपं आलं तर? दोघं सज्ञान, दोघांचे आयडी बरोबर, मग लग्नाचा पुरावा मागणारा कुठलाही कायदा नाही, मद्रास हायकोर्टानेही 2019 मध्ये हेच सांगितलंय. एखाद्या रिसॉर्टची स्वतःची पॉलिसी वेगळी असेल तर ती बुकिंगच्या वेळी सांगायची, रात्री आठला दारातून परत पाठवायचं नाही. काउंटरवर आपण नातेवाईक नसतो.

आता विचित्र गेस्ट. माझा आवडता विषय.

पहिल्याच वर्षी एक काका सोलापूरकडून आलेले, दुपारी रिसेप्शनला येऊन म्हणाले, "मॅडम, सी-व्ह्यू म्हणून पैसे घेतलेत आणि समुद्र कुठाय?" मी बाहेर जाऊन बघितलं तर पूर्ण ओहोटी, पाणी लांब गेलेलं आणि समोर नुसती ओली वाळू न् दोन कुत्री. मला हसू आलं आणि मी हसले, ही माझी चूक. त्यांनी रिफंड मागितला, मॅनेजरपर्यंत गेले. त्या संध्याकाळी आमच्या माळीमामांनी मला कोळ्यांचा हिशोब शिकवला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, आणि मध्ये बाराच्या सुमाराला समुद्र गायब. चतुर्थीला तीनच्या आसपास. वेळ रोज पाऊण तास, घड्याळ लावून बघितलं तर जवळपास 50 मिनिटं पुढे सरकते. तेव्हापासून चेक-इनलाच सांगायचे, काका आज तीनला भरती आहे, चार वाजता बाल्कनीत चहा पाठवते. तक्रार तर बंद झालीच, वर लोक म्हणायला लागले बघा मॅडमना किती माहिती आहे. हे अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याला जाणाऱ्यांना तर सांगायलाच पाहिजे, ओहोटीत चालत गेलेला माणूस भरतीत तिकडेच अडकतो.

दुसरे वास्तुवाले. उत्तरेकडे डोकं करून झोपायचं नाही, हे आपल्याकडे घरोघरी असतं, त्यामुळे त्यात हसण्यासारखं काही नाही, पण एका गेस्टने रात्री साडेअकराला बेड फिरवायला घेतला आणि तो बेड भिंतीला बोल्टने बसवलेला. भिंतीचा पोपडा खाली. पुढच्या वेळी असे गेस्ट आले तेव्हा आम्ही काय केलं, नुसत्या उशा पायथ्याशी लावून दिल्या आणि चादर उलटी खोचली. दोन मिनिटांचं काम. कुठल्या खोल्यांमध्ये डोकं दक्षिणेला किंवा पूर्वेला येतं ते मोबाईलच्या होकायंत्राने एकदा बघून रिसेप्शनच्या वहीत लिहूनच ठेवा, महिन्यातून दोनदा तरी लागतं.

पाल दिसली म्हणून ओरडणारे, पावसाळ्यात बेडकांचा आवाज बंद करा म्हणणारे, खोलीत इंडक्शन लावून खिचडी करणारे आणि मग अख्ख्या विंगची लाइट घालवणारे, हे सगळे येणार. पालीवर भाषण देऊ नका की कोकणात पाली असतातच. माणूस पाठवा, काढा, नाहीच निघाली तर खोली बदला. बेडकांवर उपाय नाही, कापूस दिला एकदा कानात घालायला, त्यांनी घेतला पण. खिचडीवाल्यांना मात्र विचारा का करताय, बहुतेक वेळा घरात कोणीतरी आजारी असतं किंवा जैन जेवण हवं असतं आणि किचनवर विश्वास नसतो. कांदा, लसूण, बटाटा नाही, वेगळी कढई वापरू, हे शेफने स्वतः येऊन सांगितलं की इंडक्शन पेटीत जातं.

दुपारी चार, स्विमिंग पूल. इथे एकच भांडण असतं, कॉटनचे कपडे. साडी नेसून, जीन्स घालून, बनियनवर लोक उतरतात आणि लाइफगार्डने शिट्टी मारली की "आम्ही पैसे भरलेत". नियम म्हणून सांगितलंत की वाद, कारण सांगितलंत की बरेच जण ऐकतात. कॉटनचे धागे सुटतात आणि फिल्टर चोक होतो, रंग पाण्यात उतरतो, आणि भिजलेला जाड कपडा इतका जड होतो की पोहता न येणारा माणूस खाली खेचला जातो. बायकांना त्यांच्या अंगभर कपड्यांचाच पर्याय हवा असतो, तर नायलॉनची पूर्ण बाह्यांची टी-शर्ट न् लेगिंग्ज भाड्याने ठेवा, स्विमसूट दाखवून त्यांना आणखी अवघडवू नका.

संध्याकाळी बिलाची वेळ. इथे एक कडू गोष्ट सांगते, गेस्ट बरोबरही असतो. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलंय आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवलंय, त्यामुळे गेस्ट काढा म्हणाला तर हुज्जत घालू नका, काढा. टॅक्सचं उलटं, तिथे गेस्टचं चुकतं पण त्याला तसं वाटायला कारण असतं. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के जीएसटी, त्याच्यावर गेली की 18. तीच खोली बुधवारी 7,000 ला आणि शनिवारी 9,000 ला जाते, मग तो म्हणणारच गेल्या वेळी टॅक्स इतका नव्हता. दोन्ही आकडे कागदावर लिहून दाखवा. तोंडी टक्केवारी भांडणाऱ्याच्या डोक्यात शिरत नाही.

बिलाच्याच वेळी "मी अमक्या साहेबांचा माणूस" हे पण येतं. घाबरायचं नाही आणि कोण साहेब असंही विचारायचं नाही. "हो का सर, साहेबांच्या ऑफिसमधून आमच्या रिझर्व्हेशनला फोन आला की मी लगेच बिलात बदल करते." नऊ वर्षांत दोन फोन आले असतील. आणि एक स्टार देईन म्हणणाऱ्याला धमकी दिली म्हणून काही फुकट द्यायचं नाही, चूक आपली असेल तर त्याने धमकी द्यायच्या आधीच द्यायचं. एसी रात्रभर बंद होता तर मग डेझर्ट पाठवून काय उपयोग, त्या रात्रीचे पैसे कमी करा.

रात्री दहा. लाउडस्पीकर दहा ते सहा बंद, हा कायदाच आहे, सन 2000 चे ध्वनिप्रदूषणाचे नियम, पण दहाला जाऊन एकदम बंद करा म्हटलं की बारा जणांचा ग्रुप अंगावर येतो. साडेनऊला जा, शेवटची चार गाणी सांगा. प्यायलेल्या ग्रुपमध्ये एक जण कमी प्यायलेला असतो, बहुतेक ज्याला सकाळी गाडी चालवायचीये किंवा ज्याच्या कार्डवर डिपॉझिट आहे, त्याला बाजूला घ्या आणि फक्त त्याच्याशी बोला. सगळ्यांसमोर एकाला ओरडलात तर त्याला मित्रांपुढे मर्द व्हावंच लागतं. पूलचे लाइट बंद करून गेटला कुलूप, आणि समुद्राकडे निघाले तर सिक्युरिटीला सोबत पाठवा आणि ऐकत नसतील तर 112 ला, म्हणजे इमर्जन्सी नंबरला फोन. इथे रिव्ह्यूचा विचार करायचा नाही.

आणि मुलींनो, हे नीट वाचा. रात्री खोलीत एकटं जायचं नाही, टॉवेल द्यायचा असो की रिमोटचे सेल, सोबत कोणीतरी, दार उघडं, आपण उंबऱ्याच्या बाहेर. मला एका साहेबांनी बिल समजावून सांगायला खोलीत बोलावलं होतं, मी म्हटलं सर बिल काउंटरवरच आहे, तुम्ही या, आणि ते आले नाहीत. तेव्हाच्या आमच्या मॅनेजरने मलाच विचारलं, गेस्टला नाराज का केलंस. तेव्हा मला माहिती नव्हतं, तुम्हाला असू दे, 2013 चा कामाच्या जागी लैंगिक छळाचा कायदा फक्त सहकाऱ्यांपुरता नाहीये, तिथे येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून सुरक्षित ठेवणं हेही मालकाचं काम आहे, आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती असायलाच पाहिजे. जॉइन होतानाच विचारा समितीत कोण कोण आहे. उत्तर द्यायला लोक अडखळले तर ती जागा कशी आहे ते कळलंच.

सकाळी अकरा, चेक-आउट, म्हणजे टॉवेल. हाऊसकीपिंगचा फोन येतो, 108 मध्ये दोन बाथ टॉवेल कमी, आणि गेस्ट समोर गाडीची चावी फिरवत उभा. चोरी हा शब्द मनातसुद्धा आणू नका, चेहऱ्यावर दिसतो. "मॅडम, पूलवरून येताना ओल्या कपड्यांत आमचे टॉवेल गेलेत का बघता का, सगळे सारखेच दिसतात." बॅग आपण उघडायची नाही, त्यांनी उघडायची, आणि आपण तेवढ्यात दुसरीकडे बघायचं, प्रिंटरमध्ये कागद घालायचा. बहुतेक वेळा निघतात. मेंदीचे न् हळदीचे डाग मात्र वेगळे, ते निघत नाहीत, म्हणून लग्नाचा ग्रुप असेल तर आधीच जुने गडद रंगाचे टॉवेल द्या, पांढरे देऊन नंतर पैसे मागत बसू नका.

शिफ्ट सुटायच्या आधी लॉग बुक भरा, कितीही दमला असाल तरी. "108 चा गेस्ट कटकट्या आहे" असं लिहू नका, पुढच्या शिफ्टचा पोरगा तोंड वाकडं करूनच त्याच्यासमोर जातो. असं लिहा: 108, एसी रात्री दोनला बंद पडला, सकाळी सातला दुरुस्त, एका रात्रीचे पैसे कमी केलेत, आजींना गुडघ्याचा त्रास आहे, लिफ्टजवळची खोली रिकामी झाली की विचारणे, उशा पायथ्याशी.