पोलिसांशी वाद चिघळू द्यायचा नसेल तर पहिली दोन मिनिटं सांभाळा

सोलापुरात पोलीस आणि पब्लिकची जी भांडणं होतात ना, त्यातली बरीचशी ज्या कारणावरून सुरू होतात त्या कारणावर राहतच नाहीत. हेल्मेट नाही, लायसन घरी राहिलं, ट्रिपल सीट, मिरवणुकीत दहा वाजून गेले तरी साउंड चालू, एवढ्यावरून सुरू होतं आणि पाच मिनिटांत विषय होतो 'मला अरे का म्हणाला' आणि 'वर्दीला हात कसा लावला'. चलनाचं प्रकरण थेट कलम १३२ वर जातं.

हे १३२ आधी समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यातलं हे कलम, म्हणजे आधीचं ३५३. सरकारी नोकराला त्याचं काम करू न देण्यासाठी हल्ला केला किंवा बळ वापरलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गुन्हा अजामीनपात्र. मारलंच पाहिजे असं नाही, रागात ढकललं, कॉलर धरली, तरी लागू शकतं. आपल्याकडं किती पोरं पहाटे उठून पळतात, पोलीस भरतीची तयारी करतात, त्यांच्यातल्याच एखाद्यावर चौकातल्या हुज्जतीवरून हा गुन्हा लागला तर पुढं चारित्र्य पडताळणीत काय होणार, आणि तारखांना हेलपाटे किती वर्षं, याचा विचार त्या दोन मिनिटांत कुणीच करत नाही. म्हणून हे लिहितोय.

राग कसा चढतो बघा. एप्रिल-मे, पारा ४२ च्या वर, सात रस्त्याला नाहीतर आसरा चौकात हवालदार सकाळपासून उन्हात उभा, आदल्या रात्री बंदोबस्त झालेला असतो, झोप नाही. इकडं पोराला कामावर जायला उशीर झालाय. हवालदार ओरडतो 'ए, थांब', पोरगा वरच्या पट्टीत 'काय केलं मी?' तेवढ्यात गाडीची चावी काढली जाते आणि तिथं डोकं फिरतं. छाती धडधडायला लागली की समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही, कसा बोलतोय तेवढंच ऐकू येतं, आणि हे दोघांनाही होतं, वर्दीतल्या माणसाला पण होतं. मग बघे जमतात. लोक जमले की संपलं, कारण आता जो मागं हटेल त्याची इज्जत गेली असं दोघांनाही वाटतं, चूक कुणाची हा प्रश्न तिथं उरतच नाही.

मग करायचं काय? थांबवलं की गाडी कडेला घ्या, स्टँडवर लावा, इंजिन बंद, चावी स्वतःच काढून खिशात ठेवा म्हणजे ती ओढाओढी होतच नाही. तोंडाचा रुमाल, गॉगल काढा, चेहरा दिसू द्या, हात दिसतील असे ठेवा. आणि पहिलं वाक्य 'नमस्कार साहेब, काय झालं सांगा', महिला पोलीस असतील तर मॅडम. कागद मागितले तर डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहन ॲपमधले चालतात, नियमातच आहे ते, शांतपणे मोबाईल उघडून दाखवा. चलन चुकीचं वाटत असेल तर तिथं भांडून ते रद्द होत नाही, महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाकता येते.

एक गोष्ट अजिबात करू नका, 'मी कोण आहे माहितीय का' आणि कुठल्यातरी नेत्याला फोन लावून 'घ्या, बोला' म्हणून मोबाईल पुढं करणं. त्या पोलिसाला सगळ्यांसमोर खाली दाखवल्यावर तो तुम्हाला सोडेल असं वाटणं चूक आहे, सोडलं तरी पुढच्या पोराला त्याचा राग भोगावा लागतो.

पोलीस एकेरीवर आला, शिवी दिली तर? हे सगळ्यात अवघड. आवाज खाली आणायचा, हळू बोलायचं, आणि एकदाच म्हणायचं, 'साहेब, मी तुम्हाला अहो म्हणतोय, तुम्ही पण नीट बोला.' दुसऱ्यांदा नाही. छातीवरची नावाची पट्टी बघून ठेवा, वेळ लक्षात ठेवा.

सोबतच्या माणसाचं काम तर फार मोठं आहे. मित्र मागून 'सोडू नको बे' म्हणत असेल तर तो मित्रच प्रकरण वाढवतोय. खरा मित्र दंडाला धरून दोन पावलं मागं नेतो आणि स्वतः बोलतो. जयंतीची असो की गणपतीची, मिरवणुकीत हे आधीच ठरवून ठेवा की बंदोबस्तावरच्या साहेबांशी मंडळातले दोघंच बोलतील. परवानगी वाढवून मिळालेली नसेल तर रात्री दहाला साउंड बंद, त्यावर मिरवणुकीतल्या गर्दीत वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

व्हिडिओ काढायचा का? काढा की. पोलीस ठाण्याच्या आत काढलेल्या व्हिडिओवरून सरकारी गोपनीयता कायद्याचा (ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट) गुन्हा लागत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्येच सांगितलंय. पण तोंडाजवळ मोबाईल नेऊन नाही, तिसऱ्यानं लांबून काढायचा, मध्ये बोलायचं नाही, लाईव्ह तर नकोच.

ठाण्यात चला म्हणाले तर अंगानं विरोध करू नका. 'येतो साहेब, कारण सांगा, घरी कळवतो' एवढं मोठ्यानं म्हणा. अटक केली तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं त्यांना बंधनकारक आहे. बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, अपवाद फार थोडे, आणि त्यालाही महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.

आता वर्दीतल्या भावांनो, हे तुम्ही पण वाचत असणार. काठी तुमच्याकडं, कलम तुमच्याकडं, म्हणून जबाबदारी पण तुमच्यावर जास्त आहे, हे मी मनापासून म्हणतोय. 'थांबा मालक, जरा कडेला या' म्हणालात की अर्धा राग तिथंच उतरतो. बायको-पोरांसमोर एखाद्याला शिवी देऊ नका, तो ते मरेपर्यंत विसरत नाही. चावी ओढायची घाई नको.

आणि खरंच अन्याय झाला तर गप्प बसू नका. त्याच रात्री तारीख, वेळ, जागा, काय बोलणं झालं ते सगळं लिहून काढा. मार लागला असेल तर लगेच सिव्हिलला जाऊन तपासून घ्या, कागद जपून ठेवा. अर्ज शहरातला असेल तर पोलीस आयुक्तांकडं, बार्शी-पंढरपूरकडचा असेल तर ग्रामीणच्या एसपींकडं, तिथं काही झालं नाही तर पोलीस तक्रार प्राधिकरण आणि मानवी हक्क आयोग आहेच. पोलीस ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही ठेवायचा आदेश सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मध्ये दिलाय, तेव्हा अर्जात फुटेज राखून ठेवा अशी मागणी करा, लवकर करा, आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका.