पेपर छापायचाय? आधी पैसे कोण भरतंय ते बघा

सिनॉप्सिस मंजूर झाली की परभणी-नांदेडच्या पीएचडीवाल्या पोरांचे मेसेज चालू होतात, सर ओपन ॲक्सेस म्हणजे पैसे भरून छापायचं ना? नाही रे बाबा. ओपन ॲक्सेस म्हणजे वाचणाऱ्याला फुकट, एवढंच. छापायचा खर्च कुणाच्या खिशातून जातो ते मॉडेलवर आहे.

गोल्ड म्हणजे पेपर छापल्या छापल्या सगळ्यांना खुला, आणि बऱ्याच ठिकाणी त्यासाठी एपीसी नावाची फी लेखकाकडून घेतात. ती किती असावी याला काही धरबंध नाही, नेचरने २०२० मध्ये ९,५०० युरो सांगितली होती, आपल्या फेलोशिपमध्ये कशी बसायची. डायमंडमध्ये लेखकाला फी नाही न् वाचकालाही नाही, खर्च संस्था उचलते. हायब्रिड म्हणजे जर्नल सबस्क्रिप्शनचं, पण पैसे भरले तर तुमचा एक पेपर खुला. मला तर हा एकाच मालाचे दोनदा पैसे घ्यायचा धंदा वाटतो.

आपल्यासाठी खरी सोय ग्रीनची. पेपर नेहमीच्या जर्नलला फुकट द्यायचा आणि रिव्ह्यूनंतर स्वीकारलेली आपली वर्ड फाईल रिपॉझिटरीत, म्हणजे पेपर सगळ्यांना खुले ठेवणाऱ्या ऑनलाइन साठ्यात टाकायची. जर्नलने सजवलेली पीडीएफ टाकायची नाही, तिथंच पोरं चुकतात. कोणती कॉपी, किती महिन्यांनी, कुठं टाकता येते हे जिस्क नावाच्या ब्रिटिश संस्थेच्या ओपन पॉलिसी फाइंडर या साइटवर जर्नलचं नाव टाकलं की दिसतं, जुने लोक त्याला अजून शेर्पा रोमिओच म्हणतात.

आता जर्नल तपासायचं कसं. डीओएजेवर, म्हणजे ओपन ॲक्सेस जर्नलांच्या ऑनलाइन यादीवर जा, नावाने शोधू नका, आयएसएसएन म्हणजे जर्नलचा ओळख नंबर टाकून शोधा, कारण चांगल्या जर्नलच्या नावाची डुप्लिकेट वेबसाइट काढून बसलेले लै आहेत. तिथं फी आहे का, किती, लायसन्स कोणतं, सगळं लिहिलेलं असतं, आणि बिगरफीची जर्नलं वेगळी काढायचा फिल्टर पण आहे. यूजीसीने केअर लिस्ट, म्हणजे चालणाऱ्या जर्नलांची आपली यादी, २०२५ मध्ये बंद केली, म्हणजे तपासायचं काम आता आपल्याच गळ्यात.

मी स्वतः फसलेलो आहे म्हणून सांगायलोय. व्हॉट्सॲपवर मेसेज आला, तीन दिवसात पब्लिश, सर्टिफिकेटसकट पंधराशे. तुरीच्या मर रोगावरचा पेपर रात्री पाठवला तर दुसऱ्या दिवशी दुपारी ॲक्सेप्ट, रिव्ह्यूचा एक शब्द नाही, छापून आला तेव्हा माझं आडनाव चुकलेलं आणि तक्ता दुसऱ्याच कुणाच्या कापसाचा. गाईड सरांनी पीडीएफ बघितली, चष्मा काढून टेबलावर ठेवला, बोलले काहीच नाहीत.

फीमाफी मागायची असेल तर सबमिट करायच्या आधीच मेल टाका, नंतर कुणी ऐकत नाही, आणि आपोआप माफीच्या यादीत भारत बहुतेक ठिकाणी नसतो. सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना मुळात वाचण्यासाठी आहे, ती असली म्हणून तुमची एपीसी भरली गेली असं समजू नका.

आणि ती स्वीकारलेली वर्ड फाईल मेलवर टाकून ठेवा. माझी लॅपटॉप फॉरमॅट मारताना गेली, आता तो पेपर माझाच असून मला दुसऱ्याकडून मागून घ्यावा लागतो.