मुंबई–लंडन: विमानात नेमके किती तास?

तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची लंडनची असते. थेट वजाबाकी केली की हिशेब चुकतो, आणि सोबतच्या ज्येष्ठांच्या औषधांच्या वेळाही.

१. लंडनच्या वेळेत हिवाळ्यात साडेपाच तास मिळवा.
२. त्यातून सुटण्याची वेळ वजा करा.

समजा, मुंबईहून दुपारी दीडला निघून तिथे संध्याकाळी सहाला उतरणार. सहा अधिक साडेपाच म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. प्रवास १० तासांचा. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. येताना वारा बहुधा पाठीशी असतो, म्हणून वेळ कमी लागतो. आई-बाबांच्या गोळ्यांचा कागद मी विमानापुरता भारतीय वेळेनेच लिहिते.

मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मात्र साडेचारच तास मिळवायचे.